डोंगरातला जुना टोपोशीट नकाशा: मिळवायचा कसा, वाचायचा कसा अन् मोबाईलवर बसवायचा कसा

आमची आजी कायम सांगायची की घाट व्हायच्या आधी बाजाराला जायची वाट खिंडीतनं होती अन् खिंडीच्या खाली एक बारव होती, बैलं तिथं पाणी प्यायची. गावात आता विचारलं तर चार जण चार दिशेला बोट दाखवतात. मग एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला कापडावर चिकटवलेला, आठ घड्या पडलेला, एक इंच म्हणजे एक मैल वाला आमच्याच भागाचा नकाशा सापडला, अन् तिथनं पुढं दीड वर्ष मी जे काय उलटसुलट उद्योग केले ते तुम्हाला करायला लागू नयेत म्हणून हे लिहितोय. मी पाटोदा तालुक्यातला, त्यामुळं उदाहरणं बालाघाटातली जास्त येतील. पण अजिंठ्याच्या रांगेतल्या लोकांनाही सगळं तसंच लागू आहे.

१) आधी शीट नंबर काढा, नकाशा नंतर

नव्या माणसाचा पहिला घोळ इथंच होतो. "बीड जिल्ह्याचा जुना नकाशा द्या" असं म्हणून काहीच मिळत नाही, कारण सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याचे टोपोशीट, म्हणजे डोंगर, ओढे, वाटा, वस्त्या दाखवणारे तपशीलवार नकाशे, जिल्ह्यानुसार नसतातच, ते अक्षांश रेखांशाच्या चौकटीनुसार कापलेले असतात.

पद्धत अशी. ४ अंश बाय ४ अंशाच्या मोठ्या चौकटीला एक आकडा. १६ ते २० अक्षांश अन् ७२ ते ७६ रेखांश ही चौकट ४७. तिच्या उजवीकडची, ७६ ते ८० वाली, ५६. ४८ नाही, ५६! ४७ च्या वरची ४६. या मोठ्या चौकटीचे १६ तुकडे, प्रत्येक १ अंशाचा, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं. अन् अक्षरं आडवी जात नाहीत, उभी जातात. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ए, त्याच्या खाली बी, सी, डी, मग शेजारच्या रांगेत परत वरनं ई. अंशाच्या तुकड्याचे परत १६ तुकडे, प्रत्येकी १५ मिनिटांचे, नंबर १ ते १६, तेही उभेच.

अंबाजोगाईवर करून बघू. गूगल मॅपवर बोट दाबून धरलं की साधारण १८.७३ अन् ७६.३८ असं दिसतं. ७६ च्या पुढं म्हणून मोठी चौकट ५६. अक्षांश १८ ते १९ म्हणजे वरनं दुसरा तुकडा, बी. आता .७३ ला ६० नं गुणा, ४४ मिनिटं येतात, म्हणजे वरनं दुसरी ओळ. .३८ ला गुणा, २३ मिनिटं, म्हणजे डावीकडनं दुसरी रांग. दुसऱ्या रांगेतले नंबर ५, ६, ७, ८, त्यातला दुसरा ६. झालं, ५६ बी/६.

इथं लोक .७३ म्हणजे ७३ मिनिटं समजतात अन् गोंधळतात. दशांश वेगळे, मिनिटं वेगळी, ६० नं गुणायचं म्हणजे गुणायचंच.

दुसरी गोष्ट, तुमचं गाव शिवणीवर आलं तर तयारी ठेवा. बीड शहर १९ अंश अक्षांशाला अन् ७५ अंश ४५ मिनिटं रेखांशाला जवळजवळ चिकटलेलं आहे. म्हणजे शहर अन् भोवतालचं शिवार एकत्र बघायचं तर चार शीटा जोडाव्या लागतात: ४७ एम/१२, ४७ एम/१६, ४७ एन/९ अन् ४७ एन/१३. दौलताबाद अन् वेरूळ तर एका दमात गाडीवर होणारं अंतर, पण मधनं २० अंशाची रेघ जाते, म्हणून दौलताबाद ४७ एम/१ मध्ये अन् वेरूळ ४६ पी/४ मध्ये. मी एकदा वेरूळसाठी ४७ मध्ये तासभर शोधत बसलेलो.

२) नकाशा मिळवायचा कुठं

नवीन नकाशे हवे असतील तर सोपं आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप पोर्टलवर खातं उघडायचं अन् ओपन सिरीजची १:५०,००० ची शीट उतरवून घ्यायची. ती घ्याच, कारण जुन्याशी तुलना करायला आजची शीट लागतेच. २००५ च्या धोरणानंतर ही सिरीज वेगळ्या पद्धतीनं छापली जाते अन् तिचे शीट नंबर वेगळे असतात, त्यामुळं वरची पद्धत वापरून काढलेला नंबर तिथं दिसला नाही तर घाबरू नका, नकाशावर क्लिक करून शोधा.

जुन्यांसाठी तीन रस्ते. पहिला, अमेरिकन सैन्याच्या मॅप सर्व्हिसनं १९५० च्या दशकात छापलेली यू-५०२ नावाची १:२,५०,००० ची मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ती स्कॅन करून फुकट ठेवलेली आहे. डोंगराच्या रांगा, मोठी गावं, जुने रस्ते छान दिसतात, पण बारव अन् वाडी शोधायला ती पुरत नाही. अन् तिचे शीट नंबर वेगळ्याच पद्धतीचे आहेत हेही लक्षात ठेवा. दुसरा, जुनी कॉलेजं. जिथं भूगोल विभाग जुना आहे तिथं कपाटावर गुंडाळ्या पडलेल्या असतात, प्राध्यापकाला नीट भेटून विचारलं तर फोटो काढू देतात. तिसरा रद्दीवाले अन् जुनी पुस्तकंवाले, इथं नशीब लागतं.

नकाशावर "प्रतिबंधित" असा शिक्का किंवा छापील ओळ असेल तर तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०२१ पासून नियम बरेच मोकळे झालेत हे खरं, पण शिक्क्याची शीट वापरायच्या आधी सर्व्हे ऑफ इंडियाला विचारून घेतलेलं बरं.

३) सामान गोळा करा

फार काही लागत नाही, पण अर्धवट सामानानं काम करायला गेलात तर परत परत करावं लागतं:

- जुनी शीट, अन् त्याच भागाची आजची शीट
- साधं भिंग, बारीक अक्षरं अन् नदीवरचे आकडे वाचायला
- पारदर्शक फूटपट्टी, इंच अन् सेंटीमीटर दोन्ही असलेली
- लॅपटॉपवर क्यूजीआयएस, नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे
- मोबाईलवर ऑफलाइन नकाशा चालवणारं ॲप, ऑरक्समॅप्स किंवा ॲव्हेन्झा
- वही पेन्सिल. पेन नको, घामानं पसरतो
- गावातलं एक सत्तरीच्या पुढचं माणूस, याला पर्याय नाही

कागदपत्रं म्हणाल तर नकाशा वाचायला काहीच लागत नाहीत, पोर्टलसाठी मोबाईल नंबर वगैरे लागतो तेवढं. मात्र एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो: टोपोशीटवर गट नंबर, सर्व्हे नंबर, बांध यातलं काहीही नसतं. भावकीतला बांधाचा वाद घेऊन हा नकाशा फडकवत जाऊ नका. त्यासाठी भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करायचा, १९५४ चं खासरा पहाणी पत्रक काढायचं, तो रस्ताच वेगळा.

४) गाव शोधायच्या आधी समास वाचा

नकाशा हातात आला की प्रत्येक माणूस पहिल्यांदा आपलं गाव शोधतो. मीही तेच केलं. पण सगळी गोम कडेच्या छापील मजकुरात असते. मी ते सहा महिने वाचलंच नाही अन् त्याची किंमत दिली, पुढं सांगतो. समासात पाच गोष्टी शोधा.

एक, सर्वेक्षणाचं साल. छपाईचं साल वेगळं, सर्वेक्षणाचं वेगळं. कधीकधी दोन्हींत वीस पंचवीस वर्षांचं अंतर असतं, अन् खाली बारीक अक्षरात "रस्ते अमुक सालापर्यंत दुरुस्त" असंही असतं. म्हणजे रस्ता नवा अन् वस्ती जुनी असा मिश्र मामला.

दोन, प्रमाण. जुन्या शीटा एक इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६०. नव्या १:५०,०००, म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर. जुन्या शीटवर सेंटीमीटरची पट्टी लावून किलोमीटर काढायला गेलात तर दर पाच किलोमीटरला किलोमीटरभर फसाल.

तीन, उंची फुटात आहे का मीटरमध्ये. जुन्यात फूट. मला शिखरावर २,६०० च्या पुढचा आकडा दिसला अन् मी सगळ्यांना सांगत सुटलो की आपला डोंगर कळसूबाईपेक्षा उंच आहे! कळसूबाई १,६४६ मीटर. आमचा २,६०० फूट, म्हणजे ७९२ मीटर. चावडीवर अजून चिडवतात. फुटाला ०.३०४८ नं गुणायचं.

चार, कॉन्टूरचं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं, उंचीतलं अंतर. एक इंची शीटवर साधारण ५० फूट, नव्यावर २० मीटर. ५० फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर, त्यामुळं दोन्ही शीटांवरच्या रेषा मोजून "डोंगर झिजला" असं काही अनुमान काढू नका.

पाच, रेखांशाची टीप. हे एकोणिसाव्या शतकातल्या शीटांवर बघायचं. त्या वेळी मद्रास वेधशाळेचा रेखांश ८० अंश १७ मिनिटं २१ सेकंद धरून सगळं आखलं जायचं अन् नंतर कळलं की यातनं सुमारे २ मिनिटं २७ सेकंद वजा करायला पाहिजेत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्या अक्षांशावर हे सव्वाचार किलोमीटरच्या आसपास भरतं. एवढ्यात आख्खं शिवार शेजारच्या गावात जातं.

अन् नावं! निजामाच्या काळातल्या शीटांवर अंबाजोगाई शोधाल तर दिसणार नाही, तिथं मोमिनाबाद आहे. माजलगावचं मंझलेगाव, बीडचं बीर किंवा भीर. आधी उर्दू दफ्तरातनं नि मग इंग्रजी स्पेलिंगमधनं आलेली नावं असल्यानं ळ चा ल, ण चा न होतोच. म्हणून नाव वाचताना डोळ्यांनी नका वाचू, मोठ्यानं म्हणून बघा, कानाला ओळख पटते.

५) रंग अन् रेघा

तपकिरी रेषा कॉन्टूर. निळं पाणी. पिवळं लागवडीखालचं रान, हिरवं जंगल. लाल रस्ते अन् वस्ती. काळ्यात नावं अन् कोरडे ओढे नाले. हे शेवटचं मराठवाड्यात फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक ओढे काळ्या रेघेत असतात, म्हणजे पाणी बारमाही नाही. काळ्या ओढ्यात मधेच निळा तुकडा दिसला की तिथं डोह किंवा झरा होता असं समजून खूण करा.

कॉन्टूर वाचायला शिकवणी लावायची गरज नाही. रेषा जवळजवळ म्हणजे चढ उभा, लांब लांब म्हणजे माळ. व्ही सारखा आकार उंचीकडं टोक करून गेला तर ती घळ किंवा ओढ्याची लवण, उताराकडं टोक केलं तर डोंगराची सोंड. बालाघाटात तुम्हाला एक मजा दिसेल, एका बाजूला रेषा एकमेकांत घुसल्यागत दाट, अन् कडा संपला की वर सपाट, आठ दहा किलोमीटर रेषाच नाहीत. मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की जे पठार लागतं ना, तेच कागदावर असं दिसतं.

तलावाच्या भिंतीजवळ ५आर असं काही लिहिलेलं असतं. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही, भिंत शेजारच्या जमिनीपासून किती उंच ते आहे. विहीर निळा गोल. बारवेला वेगळी खूण नसते, तीही निळ्या गोलातच. म्हणून गावापासनं लांब, वाटेच्या कडेला, शेती नसलेल्या ठिकाणी एकटा निळा गोल दिसला तर तो बारवेचा असायची शक्यता जास्त, कारण अशा ठिकाणी खर्च करून विहीर कोण खांदतं?

तुटक रेघा नीट बघा. गाडीवाट, लमाणांच्या बैलांची वाट अन् साधी पायवाट यांच्या रेघांत फरक असतो, तो खालच्या खुणांच्या तक्त्यात दिलेला असतो. तक्ता त्याच शीटचा वापरा, इंटरनेटवरचा नको, सालागणिक खुणा थोड्या बदलल्यात.

अन् जे नाही तेही वाचा. पाझर तलाव नाहीत, ते बहुतेक ७२ च्या दुष्काळात अन् नंतर रोजगार हमीवर झाले. पैठणच्या वरच्या बाजूला गोदाकाठची शीट बघितली तर नाथसागरच नाही! जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. त्याआधीच्या शीटवर तिथं गावं आहेत, मंदिरं आहेत, नदीकडं जाणाऱ्या वाटा आहेत. आमच्या ओळखीतले एक आजोबा त्यातल्या एका गावचे. त्यांच्यापुढं शीट पसरली तर नाव सापडल्यावर त्यांनी त्यावर बोट ठेवलं ते चहा येईपर्यंत उचललं नाही.

६) स्कॅन: इथं पैसे वाचवू नका

मी पहिल्यांदा शीट एका झेरॉक्सच्या दुकानात दिली, त्यानं काळीपांढरी काढून दिली. घरी येऊन बघतो तर कॉन्टूर, ओढे, पायवाटा सगळं एकाच काळ्या रंगात, कोळ्याच्या जाळ्यागत. दुसऱ्या ठिकाणी रोल ओढणाऱ्या मशीनमध्ये घातली तर घडीवरचं कापड अडकलं अन् एका कोपऱ्यात नकाशा ताणला गेला.

तर, रंगीतच स्कॅन करा, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके) पुरे. एक इंची शीटवर ४०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर ४ मीटर येतात, त्याहून जास्त करून फायदा नाही, छापलेली रेघच अर्ध्या मिलिमीटरची असेल तर ती जमिनीवर ३० मीटर भरते. कापडाची शीट सपाट काचेच्या स्कॅनरवर तुकड्या तुकड्यानं करा. अन् इस्त्री फिरवू नका, डिंक सुटतो. दोन दिवस जाड पुस्तकांखाली दाबून ठेवली की बास.

७) क्यूजीआयएसमध्ये बसवणं

लेयर मेनूत जिओरेफरन्सर (स्कॅन खऱ्या अक्षांश रेखांशावर बसवायची सोय) उघडा, स्कॅन आत घ्या. आता नकाशाचे चार कोपरे अन् आतल्या ५-५ मिनिटांच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात ते बिंदू टिपायचे. चार कोपरे कमीत कमी, पण घडीची शीट असेल तर नऊ दहा घ्या.

प्रत्येक बिंदूला एक्स अन् वाय विचारतो. एक्स म्हणजे रेखांश, आपल्याकडं ७५-७६. वाय म्हणजे अक्षांश, १८-१९. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो त्यामुळं हे शंभरातल्या नव्वद जणांचं उलटं होतं. माझाही पाटोदा तालुका थेट नॉर्वेच्या वर बर्फाच्या समुद्रात जाऊन पडला होता.

मग येतो खरा सापळा. सॉफ्टवेअर विचारतं की या अंकांची प्रणाली कोणती, अन् आपण सवयीनं डब्ल्यूजीएस ८४ दाबतो, कारण जीपीएस तीच वापरतं. जुने नकाशे एव्हरेस्ट या इंग्रज सर्वेक्षकानं धरलेल्या पृथ्वीच्या लंबगोल आकारावर बेतलेले आहेत, १८३० सालच्या, अन् मोजणीचं मूळ मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कालियानपूरला. लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ ला मद्रासहून सुरू केलेलं ते मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण, तो स्वतः १८२३ ला आपल्या हिंगणघाटला वारला, पुढं एव्हरेस्टनं ते नेलं. त्या वेळची पृथ्वी अन् आजच्या उपग्रहांची पृथ्वी यांचा आकार कागदावर थोडा वेगळा आहे. आपल्या भागात त्यामुळं नकाशा शंभर दोनशे मीटर सरकतो.

शंभर दोनशे मीटर म्हणजे काय ते ऐका. मी डब्ल्यूजीएस ८४ दाबून मोबाईलवर नकाशा चढवला अन् बारव शोधायला गेलो. ठिपका अगदी निळ्या गोलावर, मी ओढ्याच्या अलीकडं उभा, भोवती घाणेरीची झुडपं अन् एक करवंदाची जाळी. दोन रविवार कोयत्यानं घाणेरी तोडली, हात सोलून निघाले, दगडसुद्धा लागला नाही.

तर तिथं ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी म्हणजे अशा प्रणालींचे कोड नंबर), म्हणजे कालियानपूर १९७५, निवडा. फार जुन्या शीटला हेही तंतोतंत नाही पण डोंगरात फिरायला पुरतं. बदलाचा प्रकार पॉलिनॉमिअल १ ठेवा, शीट ताणलेली असेल तर थिन प्लेट स्प्लाइन. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांच्या कितीतरी पट दिसली तर तो बिंदू चुकलाय, काढून परत टिपा.

बसल्यावर लगेच विश्वास ठेवू नका. खाली उपग्रहाचं चित्र लावा अन् न हलणाऱ्या तीन गोष्टी तपासा: जुनं देऊळ, किल्ल्याचा बुरूज, दोन ओढ्यांचा संगम. रस्ता घेऊ नका, रस्ते सरळ केले जातात. संगमही कड्याखालचाच घ्या, काळ्या मातीतला ओढा पात्र बदलतो.

८) डोंगरात जाताना

बसवलेल्या नकाशाची जिओटिफ किंवा एमबीटाइल्स प्रकारची फाइल करून मोबाईलमध्ये टाका, घरीच विमान मोडवर लावून उघडतंय का बघा. ॲव्हेन्झात फुकटात मोजकेच नकाशे ठेवता येतात, म्हणून हवा तेवढाच तुकडा कापून घ्या. मे महिन्यात जा, झाडोरा कमी असतो अन् जुन्या वाटेचे दगड दिसतात, पण सकाळी सहाला निघून दहाच्या आत परत. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, साप. एकटं जाऊ नका, अन् वनखात्याची हद्द असेल तर आधी विचारा.

वाट शोधताना नकाशापेक्षा बैलाचा विचार करा. बैल उभा चढ चढत नाही, त्यामुळं वाट कॉन्टूरला तिरकी जाणार. तुटक रेघ जिथं संपल्यासारखी वाटते तिथं खडकावर घासलेले गुळगुळीत पट्टे बघा, पत्र्याच्या नालांचे असतात.

नकाशावरचं नाव अन् लोकांच्या तोंडातलं नाव, दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. आमच्या खिंडीला शीटवर नावच नाही, लोक तिला सांडीची खिंड म्हणतात. बेचिराख गावांच्या जागाही विचारा, चिंचेची जुनी झाडं अन् पांढरी माती दिसली की ती जागा असतेच.

दुरुस्त नकाशा घेऊन तिसऱ्या रविवारी गेलो तर ठिपका ओढ्याच्या पलीकडं पडला, आधीच्या जागेपासून जेमतेम दीडशे मीटर. तिथं बाभळीखाली गाळ भरलेला चौकोनी खड्डा अन् एका अंगाला चार पायऱ्या उघड्या. फोटो काढून आजीला दाखवला. तिनं मोबाईल डोळ्यापाशी नेला, लांब धरला, म्हणाली, "पायऱ्या उजव्या अंगाला होत्या की रं." परत जाऊन बघितलं, मी फोटो ओढ्याच्या बाजूनं काढला होता. बैलं खिंडीकडनं उतरायची.